दमा, धावणं आणि एक वही



मागच्या बुधवारी आपण गटाच्या हिशोबाच्या वहीबद्दल बोललो. आजही एका वहीबद्दलच बोलणार आहे, पण तिच्यात पैशाचे आकडे नाहीत. एका मुलीच्या श्वासाचे आकडे आहेत.

गोष्ट डिसेंबरातल्या बैठकीची. मुकुंदवाडीकडच्या आमच्या एका गटातल्या ताईनं लेकीच्या पोलीस भरतीच्या अकादमीसाठी गटातून १२ हजारांचं अंतर्गत कर्ज घेतलं होतं. सहा हजार भरले होते, सहा भरायचे होते. ते राहिलेले सहा हजार तिनं रुमालातून काढले आणि सतरंजीवर माझ्यासमोर ठेवले. म्हणाली, "हे जमा करून घ्या. पोरगी आता ग्राउंडला जाणार नाही."

का, तर पोरीला दम लागतोय. पहाटे पळून येते, आणि नंतर खोकत बसते. छातीतून मांजर गुरगुरल्यासारखा आवाज येतो. लहानपणी बाळदमा होता, सातवी-आठवीत गेला असं सगळ्यांना वाटलं होतं. अकादमीतल्या सरांनी "हिच्यात दमच नाही" म्हणून वर दोन राउंड जास्त मारायला लावले. आई घाबरली. पोरीच्या जिवाची भीती होतीच, पण ती हळूच माझ्या कानात दुसरंही बोलली, "गावभर झालं तर हिला करून कोण घेईल हो?"

मग बैठकीत जे होतं तेच झालं. हिशोब बाजूला राहिला आणि प्रत्येकीला बोलायचं होतं. एक म्हणाली, दम्याच्या माणसानं पळायचंच कशाला. दुसरी म्हणाली, माझी सासू दम्याची, जन्मभर कापूस वेचला, काही झालं नाही. तिसरीनं मधात आल्याचा रस सांगितला. पोरगी कोपऱ्यात खाली मान घालून बसली होती. मी तिला एकच विचारलं, "खोकला पळताना येतो का पळून झाल्यावर?"

ती म्हणाली, "पळताना नाही येत मावशी. थांबलं की येतो. पाच मिनिटांनी."

हे मी विचारलं, कारण माझ्या धाकट्या भावाचं अगदी असंच होतं. मी डॉक्टर नाही. बी. ए. केलेली बाई, गटांचं काम बघते. पण भावामुळे थोडं ठाऊक होतं, आणि त्या पोरीसोबत घाटीतल्या छातीविकार विभागात जाऊन बसले तेव्हा तिथल्या डॉक्टरबाईंना प्रश्न विचारून विचारून भंडावलं. त्यातून कळलेलं आज सांगते. कारण आपल्यातल्या कितीतरी जणींना दमा आहे, आणि त्यांतल्या बहुतेकींनी डॉक्टरांनी न सांगताच चालणं, पळणं, खेळणं सोडून दिलंय.

आधी हे समजून घेऊ की पळाल्यावर छातीत होतं काय.

आपण नुसत्या बसलेल्या असतो तेव्हा मिनिटाला साधारण सहा लिटर हवा आत घेतो. लिटरभर दुधाच्या सहा पिशव्या डोळ्यांसमोर आणा. भरभर चालायला लागलो की वीस-पंचवीस लिटर. आणि जीव तोडून पळणारी तरुण मुलगी मिनिटाला साठ ते ऐंशी लिटर हवा ओढते. दहापट, बारापट! आता ही हवा फुप्फुसात जशीच्या तशी जाऊन चालत नाही. ती अंगाइतकी गरम आणि पूर्ण दमट व्हावी लागते. हे काम एरवी नाक करतं. नाकाच्या आतली वळणं आणि ओलावा त्यासाठीच आहेत. पण मिनिटाला तीस-चाळीस लिटरच्या पुढे हवा लागायला लागली की नाक पुरत नाही, तोंड उघडतं. मग कोरडी, गार हवा थेट छातीत उतरते आणि तिला ओलं करायचं काम श्वासनलिकांच्या आतल्या पातळ ओल्या थरावर येऊन पडतं.

किती पाणी लागतं म्हणाल तर एका लिटर हवेला शरीराच्या उष्णतेवर पूर्ण दमट करायला ४४ मिलिग्रॅम. डिसेंबरच्या पहाटे आपल्याकडच्या हवेत मुळात सहा-सात मिलिग्रॅमच असतं. राहिलेलं आपल्याला घालावं लागतं. बसल्या जागी हा खर्च मिनिटाला चार-पाच थेंबांचा. जोरात पळताना तोच मिनिटाला जवळजवळ अर्धा छोटा चमचा. यातलं थोडं श्वास सोडताना परत मिळतं, पण थोडंच.

आपण गच्चीवर कुरडया वाळत घालतो ना? सावकाश ऊन लागलं तर त्या नीट वाळतात. एकदम गरम वारं सुटलं की वरून कोरड्या पडतात, तडकतात. श्वासनलिकेचा आतला थर तसाच आहे. हळूहळू पाणी गेलं तर खालून भरून निघतं. एकदम गेलं तर थर कोरडा पडतो आणि उरलेल्या पाण्यातलं मीठ दाट होतं. दमा नसलेल्या माणसाला याचा फारसा त्रास होत नाही. दमा असलेल्याच्या नलिका मात्र आधीच सुजलेल्या, चिडक्या असतात. तिथल्या पेशी या खारटपणानं बिथरतात आणि हिस्टामिन, ल्युकोट्रायीन अशी द्रव्यं सोडतात. त्यांच्यामुळे नलिकेभोवतीचे बारीक स्नायू आवळतात. ओटीपाशी परकराची नाडी ओढावी तसे. वाट अरुंद होते, आणि अरुंद वाटेतून हवा जाताना शिट्टी वाजते. तेच ते मांजराचं गुरगुरणं.

आता ते थांबल्यावर का होतं? पळत असताना शरीरच नलिका सैल ठेवायचा प्रयत्न करत असतं. थांबलो की तो जोर ओसरतो आणि मागे राहिलेली द्रव्यं आपलं काम करतात. म्हणून त्रास बहुधा थांबल्यानंतर सुरू होतो, पाच ते दहा मिनिटांत सगळ्यात जास्त होतो, आणि अर्ध्या ते एका तासात बहुतेकांचा आपोआप उतरतो. आई पोरीला बघायची ती नेमकी याच वेळात, घरी आल्याबरोबर. आणि घाटीत आम्ही पोचलो सकाळी अकराला. तोवर सगळं शांत. यंत्रात फुंकायला लावलं तर आकडे अगदी चांगले! आई माझ्याकडे बघायला लागली, की बघा, मी उगाच घाबरले होते की काय.

पण डॉक्टरबाई म्हणाल्या, बसून फुंकल्यावर आकडे चांगले येणारच, हिला पळाल्यावर त्रास होतो. अशा माणसाची खरी तपासणी करायची तर त्याला सहा ते आठ मिनिटं जोरात पळवतात, आणि मग पाच, दहा, पंधरा, तीस मिनिटांनी पुन्हा फुंकायला लावतात. पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा १० टक्के किंवा त्याहून जास्त कमी झाली, तर पळण्यानं नलिका आवळतात असं धरतात. आमच्या पोरीला त्यांनी सोपा मार्ग दिला. पीक फ्लो मीटर नावाची प्लॅस्टिकची नळी असते, काही शे रुपयांत औषधाच्या दुकानात मिळते. पूर्ण श्वास घेऊन एका दणक्यात फुंकायचं, काटा कुठे जातो ते बघायचं, तीनदा करून सगळ्यात मोठा आकडा लिहायचा. पळायच्या आधी एकदा, थांबल्यावर पाच, दहा आणि चाळीस मिनिटांनी. दोन आठवडे.

आणि तिथून ती वही सुरू झाली. गटाच्या रजिस्टरसारखे रकाने मीच आखून दिले. तारीख, किती पळाली, कसं पळाली, आधी, नंतर. शेवटचा रकाना "कसं वाटलं".

वहीतला एक दिवस सांगते. पहाटे साडेपाच, थंडी, उठल्या उठल्या ग्राउंडवर, पाच राउंड न थांबता, पूर्ण जोरात. आधी ३८०. पाच मिनिटांनी २९०. चाळीस मिनिटांनी ३७०. म्हणजे जवळजवळ चोवीस टक्के हवा पाच मिनिटांत कमी. शेवटच्या रकान्यात लिहिलेलं, "बोलता येत नव्हतं. सर हसले."

दोन दिवसांनंतर. सर रजेवर होते. मैत्रिणींबरोबर गप्पा मारत सावकाश पळाली, सहा राउंड. आधी ३८०, नंतर ३६०. रकान्यात, "काही नाही."

म्हणजे अंतर जास्त आणि त्रास कमी. आईला हे पटेना, तिनं बोट ठेवून दोन्ही ओळी पुन्हा वाचून घेतल्या माझ्याकडून.

तेव्हा मला देवगिरीच्या किल्ल्याची सहल आठवली. एका महिला दिनाला आम्ही चाळीसेक जणी दौलताबादला गेलो होतो. त्यांत दोघी दम्याच्या. एक पंचविशीतली, चपळ. दुसरी पन्नाशीला टेकलेल्या काकू. चपळ पोरीनं पैज लावली आणि अंधारीतून बाहेर पडल्यावर बारादरीपर्यंत एका दमात चढून गेली. वर जाऊन फोटो काढला, कठड्याला टेकून बसली, आणि खोकला सुरू. पंप खाली बसमध्ये! काकू अर्ध्या तासानं वर आल्या. वाटभर सुनेच्या तक्रारी सांगत आल्या होत्या, एक पायरी गप्प बसल्या नव्हत्या. त्यांना काही म्हणजे काही झालं नाही. त्यांनीच आपल्या पिशवीतला पंप काढून पोरीला दिला. किल्ला तोच, पायऱ्या त्याच, ऊन तेच. फरक होता तो मिनिटाला किती हवा ओढली याचा.

काकूंचं ते बोलत बोलत चढणं ही खरी तर उत्तम परीक्षा आहे. चालताना, चढताना, पळताना पूर्ण वाक्य बोलता येत असेल, तर जोर हलका किंवा मध्यम आहे. दोन-चार शब्दांनंतर श्वास घ्यावा लागत असेल, तर जोर जास्त. नाडी मोजता येत असेल तर २२० मधून आपलं वय वजा करा. वीस वर्षांच्या मुलीचे २००. त्याच्या ८० ते ९० टक्के, म्हणजे १६० ते १८० ठोके, आणि तेही सहा-आठ मिनिटं सलग, असं झालं की दम्याच्या नलिका आवळण्याची शक्यता सगळ्यात जास्त. म्हणून तर तपासणीतही तेवढंच पळवतात. त्याहून कमी जोर असेल तर त्रास कमी. जोर तेवढाच पण मध्ये मध्ये विश्रांती असेल तरी कमी. खो-खो, कबड्डी, व्हॉलीबॉल यांत पळणं तुकड्यातुकड्यानं असतं, म्हणून दम्याच्या मुलांना ते बहुधा झेपतं. लांब पळणं, सायकलची शर्यत कठीण जाते. पोहायला दमट हवा मिळते, तेही बरं, मात्र काहींना तलावातल्या क्लोरीनचा त्रास होतो.

आणि हे फक्त ग्राउंडवरच्या पोरींचं आहे असं समजू नका. आपल्या शहरात नळाला पाणी कित्येक दिवसांनी येतं, तेही कधी रात्री अकराला. पाणी आलं की काय होतं? कळशा घेऊन दोन मजले वर-खाली, घाई, कारण प्रेशर कधी जाईल सांगता येत नाही. दहा मिनिटं ओझं घेऊन जिने चढणं ही जवळजवळ घाटीतलीच तपासणी झाली. मग रात्री खोकल्याची उबळ येते आणि आपण म्हणतो, गार पाण्यात हात घातले म्हणून झालं. ज्यांना हे होतं त्यांनी त्या रात्री पहिली पाच-दहा मिनिटं अर्ध्या भरलेल्या कळश्या सावकाश न्याव्यात. घरात पुरुषमाणूस टीव्हीसमोर बसलेला असेल तर त्याला उठवावं. हे वाक्य डॉक्टरांचं नाही, माझं आहे.

आता भरतीचं गणित. महिला उमेदवारांना मैदानी चाचणी ५० गुणांची असते. ८०० मीटर धावणं २० गुण, १०० मीटर १५ आणि गोळाफेक १५. ८०० मीटर म्हणजे चांगले गुण हवे असतील तर तीनेक मिनिटांचा खेळ. १०० मीटर तर पंधरा-वीस सेकंदांचा. म्हणजे प्रत्यक्ष परीक्षेत सहा-आठ मिनिटं सलग जोर कुठेच नाही! पोरीला आजारी पाडत होतं ते परीक्षेपेक्षा सरावाचं वेळापत्रक. गार पहाट, अंथरुणातून उठून थेट पाच राउंड, आणि धाप लागली की शिक्षा म्हणून आणखी दोन.

डॉक्टरबाईंनी यावर जे सांगितलं ते मला फार आवडलं, कारण त्याला पैसे लागत नाहीत. पळायच्या आधी दहा-पंधरा मिनिटं अंग गरम करायचं, पण नुसतं हात-पाय हलवून नाही. थोडं सावकाश पळायचं, मग अर्ध्या मिनिटाची जोराची धाव, मग चालणं, परत अर्धं मिनिट जोरात, परत चालणं. असं पाच-सहा वेळा. असं केल्यावर दम्याच्या निम्म्या एक लोकांमध्ये पुढचा एक ते तीन तास नलिका पहिल्याइतक्या आवळत नाहीत. जणू त्या द्रव्यांचा साठा एकदा थोडा रिता केला की लगेच भरत नाही. सगळ्यांना हा फायदा मिळतोच असं नाही. आमच्या पोरीला मिळाला.

शिवाय थंडीत तोंडावर ओढणी किंवा रुमाल बांधायचा. श्वासातला ओलावा कापडात अडकतो आणि पुढच्या श्वासाला परत मिळतो. आपल्याकडे पोरी स्कूटीवर ओढणी बांधतात ती उन्हासाठी. पहाटेच्या पळण्यात ती छातीसाठी बांधा. जालना रोडच्या कडेनं, धुळीत आणि ट्रकच्या धुरात पळू नका, आणि कुणी पहाटे कचरा पेटवला असेल त्या बाजूला तर मुळीच नाही. सर्दी-खोकला झालेला असेल त्या आठवड्यात जोराचा सराव बंद. आणि शेवटी एकदम थांबायचं नाही, पाच-सात मिनिटं चालत चालत श्वास उतरू द्यायचा.

आता पंपाकडे येते. इथे आपल्या बायांच्या मनात सगळ्यात जास्त जाळं आहे.

"पंपाची सवय लागते." "पंप म्हणजे शेवटचं औषध." "पोरीच्या हातात पंप दिसला तर लोक काय म्हणतील." हे तिन्ही मी त्या एका बैठकीत ऐकलं. गंमत बघा, त्याच बायका दम लागला की गोळी बिनधास्त घेतात. पंपातून स्टेरॉइडचा एक डोस जातो साधारण १०० ते २०० मायक्रोग्रॅम, तोही थेट जिथे हवा तिथे. स्टेरॉइडची एक छोटी गोळी ५ मिलिग्रॅमची, म्हणजे ५००० मायक्रोग्रॅम, आणि ती अंगभर फिरते. किलोचे ग्रॅम करायला आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. हा हिशोबही तसाच आहे.

पंप दोन तऱ्हेचे. एक आराम देणारा, साल्ब्युटामॉलचा, बहुधा निळा. तो आवळलेले स्नायू काही मिनिटांत सैल करतो, आणि डॉक्टरांनी सांगितलं असेल तर पळायच्या दहा-पंधरा मिनिटं आधी घेतला की त्रास टाळतोही. पण तो नलिकेची सूज उतरवत नाही. रोजच्या रोज नुसता निळाच ओढत राहिलं तर हळूहळू त्याचं संरक्षण कमी पडायला लागतं. सूज उतरवतो तो दुसरा पंप, कमी मात्रेच्या स्टेरॉइडचा, जो नेमानं घ्यायचा असतो आणि ज्याचा गुण यायला काही आठवडे लागतात. दम्याच्या उपचारांवर मार्गदर्शन करणाऱ्या 'गिना' या जागतिक संस्थेनं २०१९ पासून स्पष्ट सांगितलंय, की मोठ्या माणसांना आणि किशोरवयीनांना नुसत्या निळ्या पंपावर ठेवू नये, सूज उतरवणारं औषध सोबत हवंच. काहींना दोन्ही औषधं एकाच पंपात देतात. तुम्हाला कुठला, ते डॉक्टर ठरवतील. मी फक्त एवढं सांगते, की थोडं पळालं तरी छाती भरून येत असेल तर बहुधा दमा ताब्यात नाही. अशा वेळी पळणं बंद करून त्रास थांबला, तरी सूज आत तशीच असते.

आणि पंप ओढायची रीत कुणाकडून तरी नीट बघून घ्या. आमच्या गटात मी सगळ्यांना करून दाखवायला लावलं. पाचांपैकी चौघींचं औषध जिभेवरच पडत होतं. श्वास पूर्ण सोडा, पंप दाबतानाच हळू आणि खोल आत ओढा, दहा आकडे मोजेपर्यंत धरून ठेवा. जमत नसेल तर स्पेसरचा फुगा लावा. स्टेरॉइडच्या पंपानंतर चूळ भरायची.

लग्नाचं काय, असं त्या आईनं विचारलं होतं. मी तिला इंग्लंडच्या पॉला रॅडक्लिफची गोष्ट सांगितली. तिला लहानपणापासून दमा. पंप जवळ ठेवून ती सराव करायची. २००३ साली लंडनच्या मॅरेथॉनमध्ये ती ४२ किलोमीटर २ तास १५ मिनिटं २५ सेकंदांत धावली, आणि बायकांमधला तो विक्रम १६ वर्षं कुणाला मोडता आला नाही. १९८४ च्या लॉस एंजलिस ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या ५९७ खेळाडूंपैकी ६७ जणांना पळण्यानं येणारा दमा होता. त्या ६७ जणांनी ४१ पदकं आणली. आई म्हणाली, "ते गोऱ्या लोकांचं झालं." मग मी गप्प बसले. लग्नाच्या प्रश्नाला माझ्याकडे विक्रमाचं उत्तर नाही, हे खरं आहे. एवढंच म्हणाले की लपवून लग्न केलं तर पंपही लपवावा लागेल, आणि पंप लपवणाऱ्या सुना मी पाहिल्यात. भरतीचंही तेच. वैद्यकीय तपासणीत विचारतील ते खरं सांगायचं, हे मी पोरीला पहिल्याच दिवशी बजावलं.

एक सावधगिरी. धाप लागली म्हणजे दमाच, असं नाही. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी निघालं. रक्त कमी असलं की जिना चढतानाच धाप लागते, पाय गळतात, आणि बसलं की मिनिट-दोन मिनिटांत बरं वाटतं. खोकला नाही, शिट्टी नाही. दम्याचं उलट, थांबल्यावर वाढतं. चालताना छातीत दाबल्यासारखं होणं, चक्कर येणं, हात-जबडा भरून येणं हे हृदयाचं असू शकतं. तिथे घरी वही आखत बसू नका. आणि दमा असलेल्या माणसाला पंप घेऊनही आराम पडत नसेल, एक वाक्य पुरं बोलता येत नसेल, ओठ-नखं निळसर दिसत असतील, तर १०८ ला फोन. त्या वेळी त्याला आडवं झोपवू नका, बसवून ठेवा, भोवतीची गर्दी हटवा.

पोरीचं पुढे काय झालं ते सांगते. मी आणि तिची आई अकादमीच्या सरांना भेटलो. माणूस वाईट नाही, त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. वही बघून तो बराच वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, आणखी दोन पोरं अशीच खोकतात. आता तिचा सराव आठवड्यातून दोनदाच जोराचा, तोही तुकड्यांत: दोनशे मीटर, चालणं, परत दोनशे. बाकीचे दिवस बोलता येईल इतकंच सावकाश. सूज उतरवणारा पंप रोज. यात आणखी एक फायदा होतो. महिनोन्महिने सावकाश पळून अंग तयार झालं, की तेवढंच अंतर पळायला पहिल्यापेक्षा कमी हवा ओढावी लागते, म्हणजे नलिका कोरड्या पडण्याचा उंबरठाच पुढे सरकतो. सहा आठवड्यांनी पूर्ण जोरात ८०० मीटर पळून तिनं लिहिलेला आकडा: आधी ३९०, पाच मिनिटांनी ३६०. शेवटच्या रकान्यात, "थोडा खोकला. बोलता येत होतं."

ते सहा हजार आम्ही जमा करून घेतलेच नव्हते. अध्यक्षांनी पाकिटात घालून पेटीत ठेवले होते. ते परत आईच्या हातात दिले, आणि अकादमीचा दुसरा हप्ता गेला. भरती व्हायची आहे अजून. तिची वेळ अजून तीन मिनिटांच्या वरच आहे, आठ-दहा सेकंदांनी. गोळा मात्र छान फेकते.

काल तिचा फोन आला होता, मावशी, पंप लवकर संपल्यासारखा का वाटतो म्हणून. विचारलं, ठेवतेस कुठे? तर स्कूटीच्या डिकीत! एप्रिलच्या उन्हात, दिवसभर. पंपाच्या डब्यावरच लिहिलेलं असतं, ३० अंशांच्या वर ठेवू नका. तेव्हा तुमच्यापैकी कुणाचा पंप डिकीत, खिडकीत किंवा गॅसच्या ओट्यावर असेल तर आज घरी जाऊन आधी तो उचला, कपाटात ठेवा आणि बाहेर पडताना पर्समध्ये घ्या. पुढच्या बुधवारी रक्त वाढवण्यासाठी काय खावं यावर आमच्या गटातल्याच एक अंगणवाडीताई बोलणार आहेत.